चारशे बारापैकी चारशे बारा

धर्मेंद्र घरी आला की रीना दारामागे जायची, यात कोणाला काही नवल वाटत नसे. तो तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर भावसुनेने उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, तो बसलेल्या खाटेला हात लावायचा नाही, आणि फारच गरज पडली तर सासूच्या नाहीतर लेकराच्या तोंडून निरोप द्यायचा. कोंढा गावातल्या रामटेके घराण्याने छप्पन साली धम्म घेऊन देव्हारे उचलले, लग्नाच्या रीती बदलल्या, पोरींना शाळेत घातलं. हा दारामागचा नियम मात्र बदलायचा कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून तो तसाच राहिला. तेवीस वर्षांत रीना धर्मेंद्रशी एक शब्द बोललेली नव्हती. त्याने तिचा चेहरा नीट पाहिला असेल तर तो लग्नाच्या फोटोत.

आणि या भासऱ्याचं काम काय, तर बायकांच्या छातीतल्या गाठी काढायच्या. अख्ख्या देशातून बायका त्याच्याकडे नागपूरला यायच्या.

त्याची सुरुवात मात्र मूत्रपिंडापासून झाली होती. एमएस झाल्यावर तो उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेत प्रत्यारोपण शिकायला गेला. भावाचं मूत्रपिंड भावाला बसवलं तरी शरीर त्याला परकं समजून मारायला धावतं. ते का, आणि त्या शरीराची समजूत कशी घालायची, यात त्याची नऊ वर्षं गेली. एका उंदराच्या पाठीवर दुसऱ्याची कातडी शिवायची आणि ती किती दिवस टिकते ते पाहायचं, असं ते काम. सुट्टीत घरी येऊन त्याने बापाला, तेजरामला, हे सगळं रंगवून सांगितलं, तेव्हा तेजराम विडी विझवत म्हणाला होता, "येवढं शिकून तू उंदरं शिवून राहिला काय बापू?" बाप गेला, पण हा विनोद धर्मेंद्र अजून प्रत्येक व्याख्यानात सांगायचा आणि लोक हसायचे.

मग एक बाई आली. नवं मूत्रपिंड बसवलेलं, आणि तिसऱ्या वर्षी स्तनाचा कर्करोग. प्रतिकार दाबून ठेवणारी औषधं कमी केली तर मूत्रपिंड नासायला लागलं आणि गाठ वाढायची थांबली. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही हे त्याला कळत होतं, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. सख्ख्या भावाच्या मूत्रपिंडावर तुटून पडणारं शरीर छातीत वाढणाऱ्या मारेकऱ्याला इतकी वर्षं मुकाट कसं काय पोसतं? त्या प्रश्नापायी त्याने उंदीर सोडले, मूत्रपिंडं सोडली, आणि पुढची सोळा वर्षं गाठींमागे घालवली.

त्याला नाव मिळालं ते मात्र कोंढ्याने. दवाखान्यात येते ती बाई उशिरा येते, गाठ लिंबाएवढी झाल्यावर येते, असं तो नेहमी म्हणायचा. तोवर शरीराचे पहारेकरी केव्हाच झोपलेले असतात. ते जागे असतानाची गाठ पाहायची असेल तर अख्खं गाव तपासायला हवं, एकही बाई न सोडता. जी आपणहून येत नाही तिच्याचकडे उत्तर असतं. हे वाक्य त्याचं अगदी आवडतं होतं. तर तीन वर्षांमागे त्याने आपल्याच गावात शिबिर घेतलं. पस्तिशीच्या वरच्या चारशे बारा बायका, आणि तपासल्या चारशे बारापैकी चारशे बारा. अकरा जणींत बारीक गाठी सापडल्या, अकराही जणी वाचल्या, आणि त्या गाठींभोवतीच्या पेशींवर धर्मेंद्रने जो निबंध लिहिला तो जगभर वाचला गेला. असे आकडे कुठेच जमत नाहीत. परदेशातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने तर भर सभेत उभं राहून विचारलं होतं, एकही नाही सुटली? धर्मेंद्र म्हणाला होता, एकही नाही.

त्याच निबंधासाठी गाव आता त्याचा सत्कार करणार होतं. जानेवारीतला शेवटचा रविवार, धान चुरून झालेलं, लोक मोकळे. दुपारी चारला विहारासमोर मांडव.

तो अकराच्या सुमारास गाडीने आला. आईने, पार्वताबाईने, ओट्यावर खाट टाकून नवी चादर अंथरली होती. धाकटा भाऊ अतुल अंगणात येरझारा घालत होता. अतुल पंचायतीत कारकून, एरवी बडबड्या माणूस; आज त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"दादा, तुह्या सत्काराच्या दिवशी सांगू नये, पण सांगा लागते," तो म्हणाला. "रीनाच्या आंगावर गाठ निघाली. भंडाऱ्याले दाखवलं, सुई टाकून तपासलं. कॅन्सर म्हणते."

धर्मेंद्र चपला काढता काढता थांबला. "केव्हा?"

"रिपोर्ट येऊन पंधरा दिवस झाले. तू येऊनच राहिला होता, म्हणून थांबलो. फोनवर कसं सांगाव अशी गोष्ट." आणि मग अतुलचा आवाज चढला, कारण घरात रीना एवढंच एक माणूस होतं ज्याच्यावर तो चढू शकत होता. "गाठ आजची नाही दादा. डॉक्टरीन म्हणे दोन-तीन वर्षांची असन. घरात येवढा मोठा डॉक्टर, आन् या बाईनं तोंड उघडलं नाही. मले सांगतलं नाही, मायले सांगतलं नाही. काहून नाही सांगतलं, तं म्हणे दुखत नव्हतं. रोज विचारतो मी इले, तुह्या डोक्यात भुसा भरला आहे का?"

स्वयंपाकघराच्या दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. रीना तिथे उभी होती आणि ऐकत होती.

"तिला नको बोलूस," धर्मेंद्र म्हणाला. घाबरलेल्या नवऱ्यांना तो दिवसातून चारदा हेच सांगायचा आणि तितक्याच सराईतपणे. "रिपोर्ट आण."

अतुलची मुलगी प्रतिक्षा पवनीच्या कॉलेजात शिकत होती. तिने एक प्लास्टिकची पिशवी आणून मोठ्या बाबांच्या मांडीवर ठेवली. धर्मेंद्रने चष्मा लावला. गाठ साडेचार सेंटिमीटर. कातडी आत ओढलेली. काखेत अवधाणं, म्हणजे सुजलेल्या गाठी, त्याही चिकटलेल्या. तिसरी पायरी. आधी औषधाच्या सलायनी, केस जातील, मग पूर्ण स्तन काढावा लागेल, मग किरणांचे शेक. वाचेल? बहुतेक वाचेल. तीन वर्षांमागे हीच गाठ असती तर अर्ध्या तासाचं काम होतं, त्यात बहुतेक नव्हतं. हा हिशेब त्याने सवयीने मनात मांडला आणि कागद उलटला.

खाली एक पिवळं कार्ड होतं.

त्याच्याच शिबिराचं कार्ड. वर गावाचं नाव, खाली रीना अतुल रामटेके, वय चाळीस. तपासणी झाली. गाठ आढळली नाही. आणि त्याखाली डॉ. धर्मेंद्र तेजराम रामटेके अशी त्याची वळणदार सही.

दाराआडून पहिल्यांदाच हालचाल झाली. रीनाने लेकीला दबक्या आवाजात हाक मारली, "ते कार्ड कायले देलं गं? आन इकडे." पण तोवर अतुलने ते दादाच्या हातातून घेतलं होतं. त्याने वाचलं आणि खाटेच्या कडेवर बसला.

"म्हणजे तवा नव्हतीच," अतुल म्हणाला. "तू सोता तपासली ना दादा. तवा नव्हती, मंगच निघाली. डॉक्टरीन उगाच तीन वर्षं म्हणून राहिली." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काही आलं. मग पुन्हा दाराकडे तोंड करून, "पण मंग निघाल्यावर तरी सांगाव का नाही?"

कार्डावरचं पहिलं वाक्य खोटं होतं हे त्या घरात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक दाराच्या या बाजूला होतं, दुसरं त्या बाजूला.

घडलं ते असं होतं. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, धर्मेंद्रच्या हिशेबाने, चारशे अकरा बायका झाल्या होत्या. सोबतची डॉक्टर मुलगी तापाने फणफणून दुपारीच नागपूरला परत गेली होती. याद्या सांभाळणारी सिस्टर मंदाबाई रजिस्टर घेऊन आली आणि म्हणाली, "सर, तुमच्या घरचं तेवढं उरलं." रीना तीन दिवस शिबिरातल्या लोकांचा स्वयंपाक करत होती, पण तपासणीच्या खोलीकडे फिरकली नव्हती. फिरकणार कशी? आत भासरा बसलेला. धर्मेंद्रला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. परिषदेला पाठवायचा गोषवारा त्याच रात्री जायचा होता. "बाकीची माहिती भरून घ्या," तो मंदाबाईला म्हणाला, "आणि लिहून टाका." कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यावर त्याने सकाळीच सह्या करून ठेवल्या होत्या.

स्वतःशी त्याने याला मर्यादा असं नाव दिलं होतं. भावाच्या बायकोच्या छातीला कोण हात लावतं? पण डॉक्टर मुलीला आठवड्याने परत पाठवता आलं असतं. नागपूरहून कोणीही बाई डॉक्टर दुसऱ्या दिवशी आली असती. एक फोन होता. पण गोषवारा त्याच रात्री जायचा होता आणि त्यात चारशे अकराच राहिले असते. संकोच रीनाला होता. त्याला घाई होती, आणि त्याने घाईवर तिच्या संकोचाचं पांघरूण घातलं. हे त्याला आज कळलं असं नाही. तेव्हाही कळलं होतं, म्हणून तर तो त्या संध्याकाळी जेवायला न थांबता निघाला.

"दादा, काय म्हणतं मंग?" अतुलने विचारलं.

आता सांगावं. एवढंच म्हणायचं होतं, अतुल, मी तपासली नव्हती. पाच सेकंदांचं काम.

"उद्या नागपूरला घेऊन या," धर्मेंद्र म्हणाला. "मी सगळी व्यवस्था करतो. काळजीचं कारण नाही."

पार्वताबाईने लेकाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तिचा लेक असताना तिच्या सुनेला काय होणार होतं? धर्मेंद्रला त्या हाताखाली बसवेना. तो हात-पाय धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेला आणि नळ सुरू ठेवून नुसता उभा राहिला. चोरी करून पकडला गेलेला माणूस निदान पळू तरी शकतो. त्याला तर लोक चार वाजता शाल पांघरणार होते.

मांडवात चारशे-पाचशे माणसं होती. वंदना झाली, जयभीमचा गजर झाला. प्रास्ताविकाला उभे राहिले ते टिकाराम गुरुजी, ज्यांनी धर्मेंद्रला चौथीपर्यंत शिकवलं होतं. म्हातारा आता काठी घेऊन चालायचा, पण माइकपुढे आला की विशीत जायचा.

"या गावात पह्यले डॉक्टर येत नव्हता," टिकाराम गुरुजी म्हणाले, "आन् आता जगातले डॉक्टर या गावाचं नाव घेऊन राहिले. चारशे बारापैकी चारशे बारा. हा पोरगा सगळ्याईच्या दारी गेला. श्रीमंत पाह्यला नाही, गरीब पाह्यला नाही, जात पाह्यली नाही. आपलं पाह्यलं नाही, परकं पाह्यलं नाही."

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला पार्वताबाई बसली होती आणि तिच्याशेजारी प्रतिक्षा. रीना नव्हती. ज्या सभेत भासरा खुर्चीवर बसतो तिथे ती खाली सतरंजीवर तरी कशी येणार?

धर्मेंद्र बोलायला उभा राहिला तेव्हा सांगून टाकायचंच असं त्याने ठरवलं होतं. इथेच, माइकवर. पण आयुष्यभराची सवय अशी की तोंड उघडलं की व्याख्यान सुरू व्हायचं, आणि ते सुरू झालं. बापाचा उंदरांचा विनोद झाला, लोक हसले. मग तो पहारेकऱ्यांवर आला. "आपल्या शरीरात पहारेकरी असतात," तो म्हणाला. "गावच्या वेशीवर चौकीदार असतो ना, तसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकतात. परका दिसला की धरतात. कर्करोग काय करतो? तो परका नसतोच. तो आपल्याच घरचा असतो. चौकीदार त्याच्याकडे पाहतो, म्हणतो, हा तर ओळखीचा, याला काय तपासायचं. आणि तपासल्याची खूण करून..."

तो थांबला. हे वाक्य त्याने कमीत कमी शंभर ठिकाणी उच्चारलं असेल. तपासल्याची खूण करून पुढे सोडतो.

"पाणी द्या सरले," कोणीतरी म्हणालं. पाण्याचा पेला आला. तो प्यायला. समोर माणसं वाट पाहत होती, टिकाराम गुरुजी कौतुकाने मान हलवत होते. त्यांना वाटलं पोराला गहिवरून आलं. आणि धर्मेंद्रने काय केलं, तर तेच त्यांना वाटू दिलं. त्याने चष्मा काढून पुसला, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसला. टाळ्या मघापेक्षा जास्त पडल्या. सबंध आयुष्यात त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

घरी परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. अतुल सभेतून फुलून आला होता आणि त्या फुललेपणाच्या भरात त्याने परत तोच पाढा सुरू केला. ओट्यावर बसून, दाराकडे पाहून, मोठ्याने. "साऱ्या गावच्या बाया याच्यापाशी येऊन गेल्या. अकरा जणी जित्या आहेत त्याच्यापायी. आन् माह्या घरची बाई तीन वर्षं पदरात गाठ बांधून बसली. लोक काय म्हणतीन? म्हणतीन, अतुलची बायको येडी आहे."

"हो," दारामागून रीनाचा आवाज आला. नवऱ्यालाच उद्देशून, खालच्या पट्टीत. "येडीच आहो मी. चुकलं माहं."

धर्मेंद्र उठला. तो स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिला. आत कडीचा आवाज झाला, रीना आणखी मागे सरकली.

"रीनाबाई," तो म्हणाला. तेवीस वर्षांत त्याने पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. ओट्यावर पार्वताबाईने मान वर केली. "तुमचं चुकलं नाही. मी तुम्हाला तपासलंच नव्हतं. कार्ड खोटं आहे. आकडा पूर्ण करायचा होता म्हणून मी लिहायला लावलं. अतुल, ऐकतोस ना? मी हिला तपासलं नव्हतं. गाठ तेव्हा असेल. असणारच."

अंगणातली कोंबडी फडफडून ओट्यावर चढली आणि कोणी तिला हाकललं नाही. पार्वताबाई एकदा या लेकाकडे, एकदा त्या लेकाकडे पाहत राहिली. अतुलच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं दिसलं. दादाला मारायला उठेल असं क्षणभर वाटलं, आणि उठला असता तर धर्मेंद्रला बरंच वाटलं असतं. पण अतुल म्हणाला ते वेगळंच.

"पंधरा दिवस झाले मी इले बोलून राहिलो," तो म्हणाला. "पंधरा दिवस. सकाळ-संध्याकाळ." आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग दारामागून रीना बोलली. निरोप सासूकडे नव्हता, लेकीकडे नव्हता. तिच्याजवळ त्याला हाक मारायला शब्दच नव्हता, कधी लागलाच नव्हता, म्हणून ती हाकेशिवायच बोलली.

"तवा होती. बारीक होती, तुरीच्या दाण्यायेवढी. त्या सिस्टरबाईनं मले चुलीपाशीच विचारलं, वय किती, लेकरं किती, दूध किती दिवस पाजलं. मले वाटलं हेच तपासणं असते. सांगाव म्हटलं दाण्याचं, तं तिले घाई होती. मंग कार्ड आलं. म्हटलं येवढा मोठा माणूस सही करून लिहून राहिला नाही म्हणून, तं हे गाठ नसन. दुसरं काही असन. मोठी होत गेली तवा बी कार्ड काढून पाह्यत होतो मी. भंडाऱ्याच्या डॉक्टरीननं हात लावून पाह्यलं तवा समजलं, तपासणं काय असते ते."

"मग आज बोलल्या का नाही?" धर्मेंद्रने विचारलं. "कार्ड लपवत होत्या तुम्ही."

"आज तुमचा सत्कार होता."

एवढंच. तिने ते रागाने म्हटलं असतं तर त्याला उभं राहता आलं असतं. त्याने दाराच्या चौकटीला हात टेकला. ज्या बाईच्या संकोचाआड तो तीन वर्षं लपला होता, ती पंधरा दिवस नवऱ्याची बोलणी खात त्याची अब्रू झाकत होती. शरम म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे असं त्याला आजवर वाटत आलं होतं. त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मी उद्याच लिहून कळवतो," तो म्हणाला. "निबंध मागे घेतो. चारशे अकरा होत्या, एक मी खोटी लिहिली, असं..."

"एक?" रीना म्हणाली.

मग पदराचा सळसळाट झाला आणि ती दारात आली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण चेहरा उघडा होता आणि नजर खाली नव्हती. फोटोतल्यापेक्षा तो चेहरा खूप थकलेला होता.

"तुमी या आळीत साऱ्याईचेच भासरे," ती म्हणाली. "इश्वरची बायको येईन का तुमच्यापुढं? घनश्याम काकाच्या दोघी सुना? त्या तर चुलत भावसुना. तिसऱ्या दिवशी आमी साऱ्या याच सैपाकघरात होतो. सिस्टरबाईनं साऱ्याईले बसल्या जागी विचारलं आन् साऱ्याईचे कार्ड केले. म्हणे सरांनी सांगतलं, घरच्या बायांचं लिहून टाका."

घरच्या बायांचं. त्याने एकीसाठी म्हटलं होतं, मंदाबाईने सगळ्यांसाठी ऐकलं होतं, आणि त्या संध्याकाळी रजिस्टरात खरोखर किती नावं उरली होती हे त्याने उघडून पाहिलंच नव्हतं. रामटेक्यांची आळी म्हणजे वीस-बावीस घरं. गेली तीन वर्षं त्या घरांतल्या बायका पिवळी कार्डं जपून बसल्या होत्या.

"किती जणी होत्या?" त्याने विचारलं.

"मले काय मालूम. आठ होत्या का नऊ. एक-दोघी मले या दिवाळीत म्हणत होत्या, आंगाले काही लागते म्हणून. मीच म्हटलं त्याईले, कार्ड आहे ना तुह्यापाशी, भेऊ नको."

हे म्हणताना मात्र तिचा आवाज फुटला. तिने पदराचं टोक तोंडात धरलं, पण थोडाच वेळ. धर्मेंद्रने खिशातून फोन काढला आणि नागपूरला आपल्या विभागातल्या बाई डॉक्टरला लावला. उद्या सकाळी या, मशीन घेऊन या, तो म्हणाला. काय झालं सर, तिकडून विचारलं. मी खोटं लिहिलं होतं, तो म्हणाला, आल्यावर सांगतो. पार्वताबाई ओट्यावर बसून ऐकत होती. मघा कानशिलावर मोडलेली बोटं तिने मांडीत घट्ट धरली होती, आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"आत्ताच सांगा लागते त्याईले," रीना म्हणाली. "उद्या साऱ्या, धानाचं रोवण-बिवण नसलं तरी, मजुरीवर निघून जातीन. चाला."

"तुम्ही बसा. मी जातो."

"तुमी एकटे गेले तं त्या दारामागं जातीन. मी येतो संग."

अंगणातून ती पुढे निघाली, तो मागे. आळीतल्या ओट्यांवर माणसं बसली होती. रामटेक्यांची धाकटी सून भासऱ्याच्या चार पावलं पुढे चालत जाते आहे हे त्यांनी पाहिलं आणि बोलणी थांबली. धर्मेंद्रच्या खांद्यावर सत्काराची शाल अजून तशीच होती. त्याच्या ते तेव्हा ध्यानात आलं. ती काढून कुठे ठेवावी हे त्याला सुचेना, म्हणून तो ती तशीच घेऊन चालला.

इश्वरचं घर पहिलं. त्याची बायको रुचिका अंगणात धान पाखडत होती. चाळिशीची, धडधाकट, सूप हातात. धर्मेंद्रला पाहताच तिने झटकन पदर ओढला, सूप खाली ठेवलं आणि घराच्या अंधाऱ्या दारात शिरली. दाराचं एक पान लागलं.

धर्मेंद्र अंगणातच थबकला. रीना थांबली नाही. ती सरळ दारापाशी गेली आणि तिने ते पान लोटलं.

"बाहेर ये रुचिका," ती म्हणाली. "लपू नको. मी लपली होती."